कोपनहेगन ते हेलसिंकी: शेजाऱ्यांच्या विनोदांमागून सात दिवस

एका निर्जन बेटावर दोन डेन, दोन नॉर्वेजियन, दोन फिन आणि दोन स्वीड अडकतात. महिन्याभराने जहाज येतं. तोवर डेन लोकांनी सहकारी संस्था काढलेली असते, नॉर्वेजियन मासे खारवत बसलेले असतात, फिन लोकांनी बेटावरची सगळी झाडं तोडून ओंडके रचून ठेवलेले असतात. आणि स्वीड? ते दोघे अजून नुसतेच उभे असतात, कारण त्यांची एकमेकांशी कोणी ओळखच करून दिलेली नसते.

हा विनोद उत्तर युरोपात फार जुना आहे. तपशील बदलतात, पण शेवटचा टोला बहुतेक वेळा स्वीडनलाच बसतो, कारण चौघांत तोच मोठा. स्वीडनची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या आसपास. डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंड प्रत्येकी साडेपंचावन्न ते साठ लाखांचे. चौघे मिळून महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढेही नाहीत, पण एकमेकांवरच्या विनोदांचा साठा अफाट आहे.

खालचा मार्ग मुद्दाम असा आखलाय की प्रत्येक सीमा जमिनीवरून किंवा पाण्यावरून ओलांडावी लागेल. विमानाने गेलं की हे विनोद निसटतात. सीमेवरचं दुकान, बोटीवरचा काउंटर आणि बिअरची किंमत यांत त्यांचं मूळ आहे. कोण कोणाच्या गावात काय विकत घ्यायला जातो एवढं नीट पाहिलं, की कोण कोणाला काय म्हणतो ते उलगडायला लागतं.

तयारी थोडीच. एकच शेंगेन व्हिसा चारही देशांत चालतो. नॉर्वे युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून तिथे शिरताना पासपोर्टपेक्षा जकातीची तपासणी महत्त्वाची. चलनं चार: तिघांचे तीन वेगवेगळे क्रोन आणि फिनलंडचा युरो. १८७०च्या दशकात या तीन क्रोनची किंमत एकच ठरवलेली होती; पहिल्या महायुद्धात ती व्यवस्था मोडली. डेन्मार्क आणि नॉर्वे दोघांकडेही मध्ये भोक असलेली नाणी आहेत आणि ती हमखास एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा दोन वेगवेगळी कार्डं जवळ ठेवावीत. स्वीडनमध्ये अनेक दुकानं रोख पैसे घेतच नाहीत. दिवस मोठा हवा असेल तर मेअखेर ते ऑगस्ट हा काळ धरावा.

दिवस पहिला: कोपनहेगन

सकाळी पहिलं काम बेकरीत. दोन पाव आणि कॉफी मागायची आणि किंमत सांगतात ती कान देऊन ऐकायची. डॅनिश भाषेबद्दल शेजाऱ्यांचं एकमत आहे: डेन माणूस घशात गरम बटाटा ठेवून बोलतो. लिहिलेल्या शब्दातली निम्मी व्यंजनं तोंडातून बाहेरच पडत नाहीत. नॉर्वेच्या टीव्हीवर एक प्रहसन गाजलं होतं, त्यात डेन लोकांना आता एकमेकांचंच बोलणं कळेनासं झालंय. दुकानात गेलेला माणूस ‘कामेलोसो’ असा काहीतरी निरर्थक शब्द फेकतो आणि दुकानदार समजल्यासारखं दाखवून हाताला येईल ती वस्तू पुढे करतो. हा शब्द आता नॉर्वेत डॅनिश भाषेचं टोपणनाव झालाय.

दुसरी तक्रार आकड्यांची, आणि इथे मराठी माणसाला स्वीडिश किंवा नॉर्वेजियन माणसापेक्षा लवकर वाट सापडते. डॅनिश लोक पन्नासपासून पुढे विशीने मोजतात. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. अडचण मधल्या आकड्यांची. पन्नासला ते ‘हाल्ट्रेस’ म्हणतात. त्याची फोड ‘अर्धा तिसरा गुणिले वीस’. अर्धा तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. सरळ आपला अडीच. अडीच विसा पन्नास, साडेतीन विसा सत्तर, साडेचार विसा नव्वद. त्यात एकक आधी येतो, म्हणजे बावन्न हा ‘दोन आणि अडीच विसा’. आपल्या बावन्नातही दोन आधीच येतात. स्टॉकहोमचा माणूस या हिशेबापुढे हात टेकतो. लहानपणी दिडकी-अडीचकी पाठ केलेल्याला तो अर्ध्या तासात जमतो. तरी गल्ल्यावर घाई असते, म्हणून आकडा पडद्यावर पाहूनच कार्ड लावावं. नेमकी चूक होते ती पन्नास आणि साठ यांत: ‘हाल्ट्रेस’ आणि ‘ट्रेस’ यांतला फक्त पुढचा ‘हाल’ कानातून सुटतो आणि किंमत दहाने चुकते.

तिसरा विषय डोंगर. डेन्मार्कमधल्या एका टेकडीचं नाव ‘हिमेलब्येर्ग’, म्हणजे स्वर्गाचा डोंगर, आणि उंची १४७ मीटर. देशातलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण १७१ मीटरच्याही आतलं आहे. नॉर्वेचं गाल्ड्होपिग्गेन २,४६९ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. नॉर्वेजियन माणसाला डेन्मार्कबद्दल बोलतं करायचं असेल तर स्वर्गाच्या डोंगराची चौकशी करावी. बाकी काही विचारावं लागत नाही.

डेन लोक बाहेरच्यांवर हसण्याआधी घरच्यांवर हसायला शिकले. डेन्मार्कच्या युटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर मोल्स नावाचा भाग आहे. तिथल्या गावकऱ्यांच्या बावळटपणाच्या कथा शतकानुशतकं चालत आल्या आहेत. एकदा करकोचा शेतात शिरून पीक तुडवत होता. त्याला हाकलायला गुराख्याला धाडायचं ठरलं, पण गुराख्याचे पाय फार मोठे, तोच पीक तुडवील. मग आठ जणांनी त्याला फाटकाच्या फळीवर बसवलं आणि खांद्यावर घेऊन सगळं शेत फिरवलं. दुसऱ्या कथेत शत्रूच्या भीतीने ते देवळाची घंटा समुद्रात बुडवतात आणि जागा लक्षात राहावी म्हणून बोटीच्या काठावर खूण करतात. राष्ट्रांवरचे विनोद पुढे याच साच्यात ओतले गेले. आधी शेजारचं गाव मूर्ख असतं, मग शेजारचा देश.

दिवस दुसरा: हेलसिंगोर, हेलसिंगबोरी, गोथेनबर्ग

स्वीडनला जायला ओरेसुंड पूल आहे. २००० साली तो सुरू झाला आणि कोपनहेगनहून मालमोला रेल्वेने साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचता येतं. पण विनोदांच्या शोधात असलेल्याने पूल सोडून जुनी बोट धरावी. कोपनहेगनच्या मुख्य स्थानकावरून लोकलने हेलसिंगोर, पाऊण तास. स्थानकाबाहेर पडलं की समोर क्रोनबोर्ग किल्ला. ओरेसुंड नावाच्या या अरुंद खाडीतून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून डेन्मार्कने सुमारे चारशे वर्षं, १८५७ पर्यंत, पथकर वसूल केला. डेन माणूस व्यापारात चतुर, अशी जी समजूत पलीकडे आहे तिला हा किल्ला साक्षीला आहे.

बोट वीस मिनिटांची, अंतर चार किलोमीटर. या वीस मिनिटांत स्वीडिश-डॅनिश विनोदांचा निम्मा भाग डोळ्यांनी दिसतो. स्वीडिश प्रवासी रिकाम्या हातगाड्या घेऊन येतात आणि बिअरच्या खोक्यांनी भरून, दोरीने बांधून परत नेतात. चाकं लहान, ओझं मोठं, म्हणून बोटीच्या उतारावर गाडी धरायला पुढे एक आणि मागे एक असे दोघं लागतात. काही जण तर किनाऱ्यावर उतरतच नाहीत. बोटीवरच जेवत-पीत इकडून तिकडे फेऱ्या मारतात, आणि त्याला हेलसिंगबोरीत खास क्रियापद आहे: ‘टूरा’.

डेन्मार्कमध्ये जुनी घोषणा होती, ‘डेन्मार्क स्वच्छ ठेवा’. तिला लोकांनी शेपूट जोडलं: ‘डेन्मार्क स्वच्छ ठेवा, स्वीडला बोटीपर्यंत पोचवा.’ डेन्मार्कच्या नजरेत स्वीड म्हणजे घरी शिस्तीचा पुतळा आणि इकडे आला की झिंगलेला. याचं कारण स्वभावात शोधू नये, ते कायद्यात आहे. स्वीडनमध्ये घरी न्यायला साडेतीन टक्क्यांच्या वरचं मद्य जवळजवळ फक्त सरकारी दुकानात, ‘सिस्टेमबोलागेट’मध्ये मिळतं. दुकान शनिवारी दुपारी तीनपर्यंत बंद होतं, रविवारी उघडतच नाही, आणि वीस वर्षांखालच्याला काही देत नाहीत. डेन्मार्कमध्ये किराणा दुकानात बिअर मिळते, तीही स्वस्त. असा दुकानांचा फरक चार किलोमीटर पाण्याच्या दोन बाजूंना ठेवला की जे होईल तेच झालं, आणि त्यातून स्वीडचं चित्र तयार झालं. डेन लोकांनी पाहिलेला स्वीड हा सुट्टीवर आलेला, खरेदीला आलेला स्वीड आहे. घरचा स्वीड त्यांनी फार पाहिलेलाच नाही.

पलीकडच्या स्कोने प्रांताची गोष्ट वेगळी. १६५८ पर्यंत तो डेन्मार्कचा होता. त्या हिवाळ्यात स्वीडनच्या राजाने गोठलेल्या समुद्रावरून सैन्य चालवत नेलं आणि डेन्मार्कला तह करून हा मुलूख सोडावा लागला. म्हणून आजही सांगतात की ओरेसुंड गोठला आणि स्वीड चालत आला, तर त्याला काठीने मारायची डेन माणसाला कायद्याने मुभा आहे. असा कायदा नाही. ती केवळ सांगोवांगी आहे, पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घावावर लोकांनी घातलेली ही फुंकर आहे. स्टॉकहोमचे लोक स्कोनेच्या बोलीला अर्धी डॅनिश म्हणून चिडवतात, म्हणजे बटाट्याचा विनोद देशाच्या आतही चालतो.

बोट हेलसिंगबोरीला ज्या इमारतीत लागते त्याच इमारतीच्या तळघरात रेल्वे आहे. तिथून गोथेनबर्गची गाडी अडीच तासांच्या आसपास. पासपोर्ट पिशवीच्या तळाशी टाकू नये. स्वीडनने २०१५च्या अखेरीपासून डेन्मार्कच्या बाजूने येणाऱ्यांची ओळख तपासायला सुरुवात केली आणि तपासनीस कधीही येऊ शकतो.

गोथेनबर्ग स्वीडनमध्ये शाब्दिक कोट्यांसाठी प्रसिद्ध आहे. काल आणि आडा ही तिथली विनोदातली ठरलेली जोडी. भाषा येत नसेल तर त्यातलं काही हाती लागत नाही. संध्याकाळी मासे खावेत आणि लवकर झोपावं.

दिवस तिसरा: स्वीनेसुंडवरून ओस्लो

गोथेनबर्ग ते ओस्लो बस साडेतीन-चार तास. रेल्वेही आहे, पण बस ई-६ महामार्गाने सीमेवरच्या मोठ्या खरेदी संकुलाजवळून जाते, म्हणून बस. डाव्या बाजूची खिडकी घ्यावी. नॉर्डबी या संकुलाचा वाहनतळ दिसायला लागला की गाड्यांच्या पाट्या पाहाव्यात: शनिवारी बहुसंख्य नॉर्वेच्या असतात.

नॉर्वेजियन भाषेत या खरेदीच्या फेरीला ‘हॅरी-टूर’ म्हणतात. ‘हॅरी’ म्हणजे गावंढळ, अभिरुचीहीन. एका नॉर्वेजियन कृषिमंत्र्याने २००२ मध्ये लोकांच्या या सवयीला जाहीरपणे ‘हॅरी’ म्हटलं आणि शब्द कायमचा चिकटला. ओस्लोहून सीमा सव्वाशे किलोमीटरच्या आत. लोक सकाळी निघतात, बेकन, चीज, सुट्ट्या वजनावरच्या गोळ्या-चॉकलेटं, स्नूस नावाची ओठाखाली ठेवायची तंबाखू आणि मद्य भरतात आणि जेवणाच्या वेळेला घरी. गोळ्यांचा विभाग पाहण्यासारखा असतो. भिंतभर प्लॅस्टिकचे खण, प्रत्येकाला लहान फावडं, आणि लोक एक-दोन किलोच्या पिशव्या भरतात.

इथे काय चुकतं ते नीट समजून घ्यावं. नॉर्वे युरोपीय संघाच्या जकात क्षेत्राबाहेर आहे. मांस आणि चीज मिळून माणशी १० किलोपर्यंतच करमुक्त नेता येतं; कडक मद्य १ लिटर, वाईन दीड लिटर, बिअर २ लिटर. कडक मद्यासाठी वय वीस पूर्ण हवं. जास्त असेल तर लाल मार्गिकेत जाऊन आपणहून सांगायचं आणि कर भरायचा. हिरव्या मार्गिकेतून गेलो आणि सापडलो तर माल जातो आणि दंडही होतो. बसमधल्या पिशव्याही उघडून बघतात.

स्वीडिश लोक यावरून म्हणतात, नॉर्वेजियन एवढा श्रीमंत की बेकनसाठी परदेशात जातो. नॉर्वेजियन म्हणतो, स्वीडन म्हणजे आमचं किराणा दुकान. महासाथीत सीमा बंद झाली तेव्हा ही संकुलं ओस पडली आणि सीमेलगतच्या स्वीडिश गावांचे रोजगार गेले. त्या वर्षी दोन्ही बाजूंचे विनोद बोचरे झाले, आणि ते स्वाभाविक होतं. ज्याच्या येण्यावर आपली चूल पेटते त्याच्यावर हसायला तो रोज यावा लागतो.

सीमेवरच्या स्वीनेसुंड खाडीवर पूल दोन आहेत. जुना दगडी कमानीचा १९४६चा, नवा एकाच कमानीचा २००५चा. बस नव्यावरून जाते. मधोमध पोचलं की खाली खाडी, आणि दोन्ही बाजूंना सारखंच जंगल.

दिवस चौथा: ओस्लो

हा दिवस भरगच्च ठेवावा. रेल्वे स्थानकातून बाहेर पडून सरळ राजवाड्याकडे जाणारा रस्ता धरायचा. त्याचं नाव कार्ल योहान्स गाते. टोकाला राजवाड्यापुढे घोड्यावर बसलेला कार्ल योहान, म्हणजे स्वीडनचा राजा, जो मुळात बेर्नादोत नावाचा फ्रेंच सेनानी होता. नॉर्वेच्या राजधानीतला सर्वांत मिरवायचा रस्ता स्वीडिश राजाच्या नावाचा आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

१८१४ मध्ये डेन्मार्कच्या हातून नॉर्वे सुटला तो स्वीडनच्या संयुक्त राजसत्तेत गेला. ७ जून १९०५ रोजी नॉर्वेच्या संसदेने ही युती मोडल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये मतदान झालं: बाजूने ३,६८,२०८, विरोधात १८४. या १८४ मतांचा आकडा नॉर्वेत आजही आवडीने सांगतात. मग राजा आणला तो डेन्मार्कचा राजपुत्र.

नॉर्वेत ‘स्वेन्स्केवित्सेर’, म्हणजे स्वीडवरचे विनोद, आणि स्वीडनमध्ये ‘नोर्येहिस्तोरियेर’, म्हणजे नॉर्वेवरचे. १९७०च्या दशकात दोन्हीकडे त्यांची लाट आली, शाळेच्या मैदानापासून वर्तमानपत्रांपर्यंत. नमुना एकच पुरे. स्वीडिश पाणबुडी कशी बुडवायची? खाली पोहत जाऊन दारावर टकटक करायची, ते उघडतात. दुसऱ्यांदा कशी बुडवायची? पुन्हा टकटक करायची. ते खिडकी उघडून सांगतात, ‘या वेळी आम्ही फसणार नाही.’ हा विनोद स्टॉकहोममध्ये सांगताना ‘स्वीडिश’च्या जागी ‘नॉर्वेजियन’ घालतात. बाकी एक अक्षर बदलत नाही. म्हणून या विनोदातून पाणबुडीत बसलेल्याबद्दल काही कळत नाही, फक्त सांगणारा कुठल्या किनाऱ्यावर उभा आहे ते कळतं.

पण काही विनोद अदलाबदल होत नाहीत, आणि तेच जपून ऐकावेत. १९६९च्या डिसेंबरात उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्र सापडलं. त्याआधी नॉर्वे हा गरीब चुलतभाऊ होता, मासे आणि डोंगर सांभाळणारा. तेलानंतर पारडं फिरलं. तरुण स्वीड ओस्लोत कामाला येऊ लागले: हॉटेलात, दुकानात, गोदामात. त्यांना नाव पडलं ‘पार्टीस्वेन्स्के’, लहान खोलीत पाच-सहा जण राहून दिवसा राबणारे आणि रात्री धमाल करणारे. नॉर्वेजियन लोकांना सर्वांत आवडलेली बातमी म्हणजे त्यांच्या कारखान्यात केळी सोलायला स्वीड ठेवले आहेत. कालचा सरदार आज आपली केळी सोलतो, यातलं समाधान कुठल्याही पाणबुडीच्या विनोदापेक्षा मोठं होतं. उलट बाजूने १९९९ मध्ये दोन्ही देशांच्या सरकारी दूरसंचार कंपन्यांच्या विलीनीकरणाची बोलणी फिसकटत असताना स्वीडनचे उद्योगमंत्री ब्यॉर्न रोसेनग्रेन नॉर्वेला ‘शेवटचं सोव्हिएत राज्य’ म्हणाले, आणि ते कॅमेऱ्यात सापडलं. त्या वर्षी विलीनीकरणही मोडलं. मंत्र्याच्या तोंडी विनोद आला की तो विनोद राहत नाही.

ऐकणाऱ्या परदेशी माणसाने एक पथ्य पाळावं. हे विनोद ‘तुमच्याकडे शेजाऱ्यांबद्दल काय म्हणतात?’ असं विचारून काढून घ्यावेत, स्वतः सांगू नयेत. भावाभावांची थट्टा पाहुण्याने पुढे चालवली की दोघेही भाऊ गप्प होतात. आणि दुसरं: सामी या उत्तरेकडच्या आदिवासी लोकांवरचे किंवा ग्रीनलंडच्या लोकांवरचे विनोद या यादीत धरू नयेत. स्वीड आणि नॉर्वेजियन एकमेकांना परतफेड करू शकतात. सामी मुलांना शाळेत त्यांची भाषा बोलू दिली जात नव्हती. त्यांच्यावरच्या विनोदाला परतफेडीची सोय नव्हती.

दुपारनंतर ओस्लोतल्या किल्ल्याच्या तटावर बसून खाडी पाहावी. जेवणाचा डबा बरोबर घेतला तर उत्तमच. कागदात गुंडाळलेले उघडे सँडविच, मध्ये मेणकागदाची चौकोनी पट्टी, वर तपकिरी चीज: ‘मात्पाके’ म्हणतात तो हाच. शेजारी याला चिक्कूपणा म्हणतात. ओस्लोतल्या उपाहारगृहाचं बिल पाहिलं की डबाच शहाणपणाचा वाटतो.

दिवस पाचवा: मोरोकुलियेन

ओस्लो ते स्टॉकहोम रेल्वे पाच-सहा तास. मध्ये शार्लोटेनबर्गला उतरावं, सामान हलकं ठेवावं आणि टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी, कारण स्थानकाबाहेर गाडी उभी असेलच असं नाही. काही किलोमीटरवर ऐन सीमेवर मोरोकुलियेन आहे. १९१४ मध्ये, दोन देशांत शंभर वर्षं युद्ध झालं नाही म्हणून, इथे पांढऱ्या ग्रॅनाइटचं शांतिस्मारक उभारलं. नाव नंतरचं, १९५९च्या एका रेडिओ कार्यक्रमातून आलेलं. गंमत या अर्थाने नॉर्वेजियनमध्ये ‘मोरो’, स्वीडिशमध्ये ‘कुल’. दोन्ही जोडून गावाला नाव दिलं.

दोन्ही भाषांत गमतीला एकच शब्द का नाही, हे विचारलं की खरी मौज कळते. स्वीडिशमध्ये ‘रोलिग’ म्हणजे मजेदार. तोच शब्द डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये म्हणजे शांत. स्वीड म्हणतो काल पार्टी ‘रोलिग’ होती, आणि नॉर्वेजियनला वाटतं सगळे नऊला झोपले. ‘रार’ स्वीडिशमध्ये प्रेमळ, नॉर्वेजियनमध्ये विचित्र. कौतुक केलं तरी समोरचा दुखावतो. ‘ब्यू’ स्वीडिशमध्ये खेडं, पलीकडे शहर. ‘फ्रोकोस्त’ ओस्लोत न्याहारी, कोपनहेगनमध्ये दुपारचं जेवण. बैठकीची वेळ ठरवताना नेमका हाच घोळ होतो. आणि ‘ग्रीने’ म्हणजे डेन माणसाचं हसणं, नॉर्वेजियन माणसाचं रडणं. हिंदी भाषक ‘शिक्षा’ देऊ म्हणतो तेव्हा मराठी पोर दचकतं, किंवा हिंदीतली ‘चेष्टा’ प्रयत्न असते आणि आपली थट्टा, तसंच हे. भाषा इतक्या जवळ की भाषांतर कोणी करत नाही, आणि म्हणूनच चुका होतात. एकमेकांना मंद समजण्याची कितीतरी कारणं या पाच-सहा शब्दांत आहेत.

पुढच्या गाडीने कार्लस्टाड. १९०५ची फारकत कशी करायची याची बोलणी इथेच झाली आणि युद्ध टळलं. मुख्य चौकात हातात मोडकी तलवार घेतलेल्या स्त्रीचा पुतळा आहे, १९५५चा. तासभर पुरतो. रात्रीपर्यंत स्टॉकहोम.

दिवस सहावा: स्टॉकहोम आणि रात्रीचं जहाज

औषधाच्या दुकानात शिरल्यावर दाराजवळ लहानसं यंत्र असतं, त्यातून नंबराची चिठ्ठी काढायची. दुकानात आपण एकटे असलो तरी काढायची. चिठ्ठी नसेल तर काउंटरवरचा माणूस नम्रपणे यंत्राकडे बोट दाखवतो. बाकी तिघांच्या मनातला स्वीड इथे उभा असतो: रांगेतला, नियमातला, सर्वांचं एकमत होईपर्यंत बैठक चालवणारा. फिन लोक म्हणतात की स्वीड निर्णय घेण्याआधी बोलतो, घेताना बोलतो आणि घेतल्यावर पुन्हा चर्चा उघडतो. या स्वभावाला स्वीडिशमध्ये ‘लागोम’ हा आवडता शब्द आहे: फार नको, कमी नको, बेताचं.

३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता स्वीडनने डावीकडून उजवीकडे वाहतूक बदलली. सगळी वाहनं थांबली, सावकाश बाजू बदलून पुन्हा निघाली. बाहेरच्यांनी यावर रचलेला विनोद असा: बदल टप्प्याटप्प्याने करायचा ठरलंय, पहिल्या आठवड्यात फक्त ट्रक. हाच विनोद इतर देशांवरही सांगतात. प्रत्यक्षातलं काम मात्र चोख झालं, आणि पुढच्या वर्षी आइसलंडनेही तोच बदल केला.

हेलसिंकीचं जहाज संध्याकाळी पाचच्या आसपास सुटतं. तासभर आधी धक्क्यावर हवं. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त पडते आणि पुरते, कारण पहिले तीन-चार तास डेकवरच काढायचे: हजारो बेटांमधून जहाज अरुंद वाटेने जातं. रात्री जहाज ओलांड बेटांना थांबतं, प्रवासी झोपलेले असताना. हा थांबा करासाठी आहे. ओलांड फिनलंडचा भाग असून भाषा स्वीडिश, आणि युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर असल्याने जहाजावरच्या दुकानात करमुक्त माल विकता येतो. तो थांबा नसता तर या जहाजांचा धंदा चालला नसता. दुकानात दोन्ही देशांचे लोक एकाच रांगेत तेच खोके उचलताना दिसतात. नाचघरात मात्र स्वीड बोलत असतात आणि फिन नाचत असतात. घड्याळ रात्री एक तास पुढे करावं, नाहीतर न्याहारी चुकते.

दिवस सातवा: हेलसिंकी

सकाळी दहाच्या सुमारास धक्का. रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत. स्वीडिश मातृभाषा असलेले पाच टक्के, तरी शाळेत प्रत्येकाला ती शिकावी लागते. त्या सक्तीला फिनिशमध्ये ‘पाक्कोरुओत्सी’ असं चिडवायचं नावही आहे. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनचाच भाग होता. बाजारचौकातून पंधरा मिनिटांच्या बोटीने सुओमेनलिन्ना किल्ल्यावर जावं. स्वीडनने १७४८ मध्ये बांधायला घेतला, १८०८ मध्ये रशियाच्या स्वाधीन केला. फिन लोकांनी त्याचा विषय अजून सोडलेला नाही.

फिन म्हणजे अबोल. दोन फिन झोपडीत प्यायला बसतात. दोन तासांनी एक म्हणतो, ‘चिअर्स.’ दुसरा म्हणतो, ‘आपण प्यायला आलोय की बोलायला?’ हा विनोद फिन लोक स्वतःच सांगतात आणि खूश होतात. स्वीडनमधल्या फिन-विनोदांत मात्र त्याच अबोलपणाला चाकू आणि बाटली जोडलेली असायची. १९६०-७०च्या दशकांत लाखो फिन कामगार स्वीडनच्या कारखान्यांत गेले. परक्या भाषेत, यंत्राच्या आवाजात माणूस किती बोलणार? त्यांची भाषेची अडचण शेजाऱ्यांनी स्वभाव म्हणून नोंदवली, आणि हे या सगळ्या प्रवासातलं सर्वांत अन्यायाचं चित्र आहे.

बोलताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपलं वाक्य संपलं की मनात तीन आकडे मोजावेत. समोरचा विचार करत असतो, उत्तर येतं. आणि समोरचा श्वास आत ओढत ‘यो’ म्हणाला तर त्याला धाप लागलेली नाही की धक्का बसलेला नाही. ते ‘हो’ आहे. श्वास आत घेत होकार देण्याची ही लकब स्वीडन आणि नॉर्वेतही आहे.

दुपारी सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून घ्यायचं वाफेचं स्नान. छप्पन्न लाखांच्या आसपास लोकांना तीस लाखांच्या घरात सौना आहेत. आधी अंघोळ, मग बसायला छोटा टॉवेल, वरच्या बाकावर ऐंशीच्या आसपास तापमान. नवख्याने खालच्या बाकापासून सुरुवात करावी. दगडांवर पाणी पळीभरच टाकायचं; बादली उपडी केली तर दगड थंड होतात आणि पहिली वाफ अंग भाजते. पाणी टाकण्याआधी इतरांकडे बघावं, कोणी मान हलवली की टाकावं. इथे शांतता अवघड वाटत नाही, आणि अबोल म्हणवलेली माणसं इथेच बोलायला लागतात.

संध्याकाळी परत बाजारचौकात, हाविस आमांडा या कारंज्याच्या पुतळ्यापाशी. फिनलंडची आइस हॉकीची मिरवणूक इथेच येते. १९२५ पासून फिनलंड-स्वीडन ॲथलेटिक्सचे सामने चालू आहेत, पण ७ मे १९९५ची सर त्यांना नाही. आइस हॉकीची जागतिक स्पर्धा स्टॉकहोममध्ये होती आणि यजमानांनी आपल्या संघासाठी विजयाचं गाणं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. स्वीडनविरुद्धचा अंतिम सामना फिनलंडने ४-१ने जिंकला. मग या चौकात हजारो फिन लोकांनी, शाळेत सक्तीने शिकलेल्या स्वीडिशमध्ये, तेच गाणं म्हटलं. जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक होते कर्ट लिंडस्ट्रॉम. ते स्वीडिश होते.